लेखणी दुसऱ्याची, मोर्तब आपलें

आपलें म्हणणें दुसऱ्याच्या हातून लिहवून घेणें ही गोष्ट आजची नव्हे. ज्याच्यापाशीं काम पुष्कळ आणि वेळ थोडा, किंवा ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें आहे पण लेखणीचा सराव नाहीं, असा मनुष्य फार पूर्वींपासून लिहिणारा पदरीं ठेवीत आला आहे. हल्लीं मात्र ही रीत राजदरबार व सावकारी पेढ्या सोडून अगदीं लहान दुकानापर्यंत येऊन पोंचली आहे. रत्नागिरीकडील आंब्याचा बागाईतदार, येवल्याचा पैठणी विणणारा, पुण्याच्या एखाद्या गल्लींत दिवाळीचा फराळ करून विकणारी बाई, या सर्वांस आतां दुकानाच्या पाटीइतकीच फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांवरील आपली पाटीही सांभाळावी लागते. रोज एखादें छायाचित्र घालावें, चार ओळी लिहाव्या, आलेल्या प्रश्नास उत्तर द्यावें, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढावी, हें सारें मागावर बसून किंवा कढईपुढें उभें राहून होत नाहीं. म्हणून मासिक वेतनावर एखादा तरुण नेमण्यांत येतो, किंवा असलीं कामें घेणाऱ्या एखाद्या मंडळीकडे तें काम सोंपविण्यांत येतें. मजकूर नियमित निघूं लागतो, चित्रें पूर्वींपेक्षां देखणीं येतात; आणि कांहीं महिन्यांनीं एखादें जुनें गिऱ्हाईक सहज बोलून जातें कीं, हें तुमचें बोलणें कांहीं वाटत नाहीं.

या वाक्यानें दुकानदार गोंधळून जातो. स्वतः लिहीत बसावें तर धंदा बुडतो, दुसऱ्यास लिहूं द्यावें तर धंद्याचा चेहरा हरवतो, अशी ही अडचण आहे. आणि लहान धंद्याचें भांडवल म्हणजे बव्हंशीं त्याचा चेहराच असल्यामुळें ती कांहीं केवळ शोभेची अडचण नव्हे. परंतु आमच्या पूर्वजांसही या अडचणीला तोंड द्यावें लागलें होतें, आणि त्यांनीं तीवर जे उपाय योजिले ते आजही विचार करण्याजोगे आहेत. ते कोणते होते हें थोडें पाहूं.

मराठ्यांच्या राज्यांत राजपत्रें लिहिण्याचें काम चिटणिसाकडे असे. शिवाजीमहाराजांस स्वतः लिहितां येत होतें कीं नाहीं, यावर इतिहाससंशोधकांत पुष्कळ वाद झाला आहे. तो वाद कसाही सुटो. महाराजांच्या नांवानें निघालेलीं पत्रें चिटणीस व कारकून यांच्या हातचीं असत, यांत शंका नाहीं. पण म्हणून तीं पत्रें महाराजांचीं नव्हेत असें त्या काळीं कोणासही वाटलें नाहीं, आणि आज आपणांसही वाटत नाहीं. याचें कारण त्या पत्रांच्या रचनेंतच सांपडतें.

जुन्या मराठी राजपत्राचे स्थूलमानानें तीन भाग पडतात. पहिला मायना. ज्यास पत्र लिहावयाचें त्याचा दर्जा, त्यास शोभणारीं विशेषणें, आशीर्वाद कीं दंडवत, हें सर्व ठरलेलें असे, आणि त्यांत चिटणिसाचें कौशल्य दिसे. हेमाद्रीच्या नांवावर मोडणारीं मेस्तकें, म्हणजे लेखनपद्धतीचे नमुने, याच कामासाठीं होतीं. दुसरा भाग मजकूर, म्हणजे धन्यास जें सांगावयाचें तें. तिसरा भाग मोर्तब, म्हणजे मजकूर जेथें संपतो तेथें उठविलेली लहानशी मुद्रा. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशीं अक्षरें असत. पत्राची मर्यादा येथें झाली, यापुढें कोणी एक अक्षरही घातलें तर तें धन्याचें नव्हे, असा त्याचा अर्थ. मायना चिटणिसाचा, मजकूर धन्याचा, आणि मोर्तबही धन्याचें, अशी ही वांटणी होती.

मजकूर धन्याचा म्हणजे काय, तें एका पत्रावरून उत्तम कळतें. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळांत चिपळुणाजवळच्या छावणींतील लष्करी अधिकाऱ्यांस गेलेलें महाराजांचें एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पावसाळ्यासाठीं गोळा केलेला दाणा व वैरण आतांच मन मानेल तशी उधळाल, तर ऐन पावसांत कांहींच उरणार नाहीं व घोडीं मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असें झालें म्हणजे कुणबी जीव घेऊन जातील आणि त्यांस मोगलांपेक्षांही तुम्हीच वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. पुढें आगीची ताकीद आहे. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, रात्रीं दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल.

हा उंदीर कोणत्याही मेस्तकांत नव्हता. तो चिटणिसानें शोभेसाठीं घातलेला नव्हे. ज्यानें पागा पाहिली आहे, गवताच्या गंजी पाहिल्या आहेत, आणि पावसाळ्याच्या शेवटीं त्यांचें काय होतें याचा ज्याला धसका आहे, त्याच्याच मुखांतून असला तपशील येतो. अक्षर कारकुनाचें असूनही सुमारें साडेतीनशें वर्षांनंतर आपण तें पत्र वाचतों तेव्हां त्यांत एक विशिष्ट मनुष्य बोलतांना ऐकूं येतो, तो या तपशिलामुळें. केवळ मायना उरला असता तर तें पत्र कोणत्याही राजाचें ठरलें असतें.

आतांच्या व्यापाऱ्याचें बोलणें जेथें बिघडतें तें नेमकें येथें. त्यानें नेमलेल्या मनुष्यापाशीं मायना पुष्कळ असतो. ‘परंपरेचा वारसा’, ‘उत्कृष्ट दर्जा’, ‘आपल्या माणसांसाठीं प्रेमानें बनविलेलें’ हीं आजच्या मेस्तकांतील वाक्यें होत. तीं पैठणीला लागतात, लोणच्याला लागतात आणि घर रंगविणाऱ्यालाही लागतात. अलीकडे तर क्षणांत मजकूर जुळवून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, तीं एका अर्थीं फार मोठीं मेस्तकेंच आहेत. त्यांचा उपयोग करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. चिटणीसही मेस्तक जवळ ठेवीतच होता. पण पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच कां दिसते, एका पदरास हात किती दिवस अडकून राहतो, यंदा आंब्याचा मोहोर उशिरां कां आला आणि म्हणून पहिली पेटी कधीं निघेल, चकलीची भाजणी या खेपेस जरा जास्त कां भाजली गेली, हें मागावर, बागेंत किंवा स्वयंपाकघरांत असलेल्या मनुष्यासच ठाऊक असतें. तें त्यानें सांगितलें नाहीं तर लिहिणाऱ्यापाशीं मायन्यावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. दोष मग लिहिणाऱ्याच्या शैलीस देण्यांत येतो. वास्तविक उणीव मजकुराची असते.

चिटणिसानें धन्याचें म्हणणें कसें धरावें, याविषयीं बाळाजी आवजी चिटणिसांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनीं एक पत्र लिहावयास सांगितलें होतें. कामाच्या गर्दींत तें लिहावयाचें राहून गेलें. महाराजांनीं वाचून दाखविण्यास सांगतांच बाळाजींनीं कोरा कागद हातीं घेऊन पत्र अस्खलित वाचलें. जवळ उभ्या असलेल्या मशालजीस हसूं आवरेना, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. आणि महाराज रागावण्याऐवजीं प्रसन्न झाले. ही गोष्ट अक्षरशः घडली असेल वा नसेल. तिचें तात्पर्य सामान्यतः स्मरणशक्तीची थोरवी म्हणून सांगतात. आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. लिहिण्याचें काम कागदावर होण्यापूर्वीं चिटणिसाच्या कानांत व मनांत झालें होतें. धन्याच्या सहवासांत राहून, त्याचे राग-लोभ, त्याची शब्दांची निवड, त्याची काळजी कोठें असते हें ज्यानें ओळखलें, त्यास कोरा कागदही वाचतां येतो. ज्यानें ओळखलें नाहीं त्याच्या हातचा भरलेला कागदही धन्याच्या दृष्टीनें कोराच. आज ज्यास दुकानाच्या वतीनें बोलावयाचें असतें त्यानें पुष्कळदां दुकान पाहिलेलेंही नसतें. त्यास आठवड्यांतून एक दिवस गल्ल्याजवळ बसविलें, गिऱ्हाईक काय विचारतें व मालक त्यास कोणत्या शब्दांत उत्तर देतो हें ऐकविलें, तर पुढील कित्येक सूचना वांचतील.

पण नुसत्या विश्वासावर राज्य चालत नाहीं, हेंही त्या काळच्या लोकांस माहीत होतें. राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांची जी कामें ठरविण्यांत आलीं त्यांत सचिवाचें काम असें, कीं त्यानें राजपत्रें तपासून त्यांत कमीजास्त झालेलें अक्षर व मजकूर शुद्ध करावा. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि मोर्तब धन्याचें. एवढी दक्षता कां, याचें उत्तर पुढें पेशवाईंत मिळालें, निदान लोकांच्या समजुतीप्रमाणें तरी. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. राघोबादादांनीं गारद्यांस दिलेल्या लेखांत ‘धरावें’ असें होतें, तेथें ‘ध’चा ‘मा’ करण्यांत आला, ही कथा ग्रांट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांतही नमूद केली आहे. तें अक्षर कोणी बदललें हें सिद्ध झालेलें नाहीं. पण त्या कथेचा जो शेवट आहे तो निर्विवाद आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें. अक्षर माझें नव्हे, मी इतकेंच सांगितलें होतें, ही सबब न्यायासनापुढें टिकली नाहीं. ज्याच्या नांवानें लेख निघाला, जबाबदारीही त्याची.

कायद्याची दृष्टि आजही फारशी निराळी नाहीं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांत फसव्या जाहिरातीबद्दल माल बनविणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेंच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मजकूर मीं लिहिला नाहीं, नेमलेल्या मुलानें लिहिला, एवढ्यानें कोणाची सुटका होईल असें समजणें धाडसाचें आहे. गिऱ्हाइकाचा न्याय तर याहून कडक. त्याच्या दृष्टीनें दुकानाच्या नांवाखालीं जें छापलें तें दुकानदारच बोलला.

राजांची गोष्ट मोठी, आम्हांस ती कशी लागू पडावी, असें कोणी म्हणेल. तर आपण खेड्यांत येऊं. जुन्या महजरांत, म्हणजे गांवकीच्या निवाड्याच्या कागदांत, मजकूर कुलकर्णी लिही. साक्षीस बसलेल्या पाटील-बलुतेदारांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नसे. त्यांच्या नांवापुढें त्यांच्या धंद्याची निशाणी काढलेली आढळते. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, सुताराची त्याच्या हत्याराची. आमच्या मतें आपल्या सामाजिक इतिहासांतील ही एक फार अर्थपूर्ण चाल आहे. त्या मनुष्यास वाचतां येत नव्हतें, म्हणून मजकूर त्याच्यापुढें वाचून दाखवावा लागे. तो ऐके, त्याच्या मनास पटे, आणि मग ज्या वस्तूवर त्याचें पोट चाले व जिच्यामुळें गांव त्यास ओळखी, ती वस्तू तो कागदावर ठेवी. लिहिण्याची कला त्यानें दुसऱ्याच्या हातीं बेलाशक दिली. आपली ओळख मात्र दिली नाहीं. लिहितां येणाऱ्यांच्या कागदांतही हा भेद पाळला जाई. अक्षर कोणाचें तें वेगळें नोंदवीत. आणि स्वतःच्या हातचें असेल तर ‘दस्तुरखुद्द’ असा शब्द येई. दुसऱ्याच्या हातून लिहविणें लाजिरवाणें नव्हतें, कारण तें लपविलें जात नव्हतें.

व्यापाराच्या पेठेंतही हीच नीति दिसते. पेढीवरचें लिखाण मुनीम करी. हुंडी हा तर केवळ एक कागदाचा तुकडा. त्यावर एका गांवीं पैसे भरून दुसऱ्या गांवीं ते मिळत. तींत रक्कम आंकड्यांत लिहीत, अक्षरीं लिहीत, आणि शिवाय तिची निमपट सांगून त्याची दुप्पट असेंही लिहीत, म्हणजे कोणास एखादें शून्य वाढवितां येऊं नये. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे पेठेंतील प्रतिष्ठित सावकारावांचून दुसऱ्यास मिळत नसत. इतकी सावधगिरी लेखांत होती, तरी हुंडी चालत असे ती लेखाच्या चातुर्यावर नव्हे, पेढीच्या पतीवर. हुंडी न पटतां परत आली तर मुनिमाची नोकरी जाई. शेठजींची मात्र पतच जाई. म्हणून हुशार शेठ सर्व लिखाण मुनिमावर टाकी, पण कोणाच्या नांवें व किती रकमेची हुंडी लिहावयाची, हा निर्णय आपल्याकडे ठेवी. आजच्या दुकानदारानेंही तक्रारीचें उत्तर, पैसे परत करण्याचा शब्द व वेळेवर माल देण्याचें वचन, या तीन गोष्टींस हुंडीच समजावें. त्यांवर त्याची पत अवलंबून असते.

छापखान्याच्या युगांतील एक उदाहरण देऊन हा आढावा संपवूं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें लहानसें दुकान काढलें. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. अशा ठिकाणीं नुसत्या मोठ्या अक्षरांच्या जाहिरातीनें काय होणार? शेतकऱ्याशीं त्याच्या भाषेंत व पुष्कळ दिवस बोलणें अवश्य होतें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हें कारखान्याचें पत्र निघूं लागलें. त्याचें संपादन लक्ष्मणरावांनीं स्वतः केलें नाहीं. तें त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं केलें. लक्ष्मणराव यंत्रांत रमणारे, शंकरराव लेखन-चित्रांत. पण कारखान्यांत काय घडतें हें शंकरराव डोळ्यांनीं पाहत होते. त्या पत्राचें पुढें मराठींतील एक प्रमुख मासिक झालें, १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडेंही त्यास लाभलीं. कारखानदारानें आपला आवाज दुसऱ्याकडे सोंपविला, आणि तो आवाज खोटा तर झाला नाहींच, उलट त्याची कक्षा वाढली. जवळीक असली आणि मालाच्या मागें खरेपणा असला, तर सोंपविणें हें गमावणें होत नाहीं, याचा हा पुरावा होय.

प्रत्येक दुकानास असा पुतण्या लाभत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परक्या मनुष्यावर विसंबावें लागतें, तो दहा दुकानांचें काम एकाच वेळीं पाहत असतो, आणि दुकानदारास रात्रीं दुकान बंद करीपर्यंत उसंत नसते. परंतु वर जी वांटणी आम्ही दाखविली ती वेळ वाढविणारी नसून वांचविणारी आहे. छायाचित्रें, शुद्धलेखन, कोणत्या दिवशीं काय प्रसिद्ध करावें याची आंखणी, नेहमींच्या प्रश्नांचीं नेहमींचीं उत्तरें, हा सर्व मायना निःशंकपणें दुसऱ्यास द्यावा. धन्यानें आठवड्यास पंधरा मिनिटें बोलून मजकूर द्यावा. त्यांत दुकानांत त्या आठवड्यांत प्रत्यक्ष काय घडलें एवढेंच सांगितलें तरी पुरे. आणि दुकानाच्या नांवानें जें जावयाचें तें जाण्यापूर्वीं एकदां वाचवून ऐकावें. जें ऐकतांना आपल्यालाच परकें वाटेल, जें आपण गल्ल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास तोंडावर म्हणणार नाहीं, तें खोडावें.

गिऱ्हाईक कांहीं हस्ताक्षराची परीक्षा घेत नाहीं. दुकानदारानें मजकूर स्वतः टंकिला कीं दुसऱ्याकडून टंकविला, याची त्यास फारशी पर्वा नसते. त्यास एवढेंच हवें असतें, कीं त्या शब्दांच्या मागें ज्याचें नांव आहे तो मनुष्यही असावा. महजराच्या कागदावर नांगर उठविणाऱ्या पाटलास एक ओळही वाचतां येत नव्हती. पण कुलकर्ण्यानें शेवटचा शब्द वाचून संपविल्यावांचून तो ती निशाणी उठूं देत नसे.